डबा उताणा झाला आहे

इंदिरानगर, नाशिक
मार्गशीर्षातला बुधवार, दुपारचे तीन

चि. धोंडाबाईस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

(तीन वर्षं आपण बोलत नाही, पण आशीर्वाद द्यायला बोलावं लागत नाही, म्हणून तो आधी लिहून टाकला.) इकडे मी आहे. खुबा डॉक्टरांनी जिथे जोडला तिथेच आहे, उजव्या डोळ्याला दिसायचं तेवढं दिसतं, दात तुला माहीत आहेत तेच चार. तू कशी आहेस ते मात्र नीट कळव. नुसतं बरी आहे असं लिहून कागद वाया घालवू नको. विहिरीवरून येताना दम लागतो का, छातीत काही होतं का, पाय सुजतात का, झोपेत दचकतेस का, एकेक करून लिही. आणि सगळ्यात आधी भूक कशी आहे ते लिही. मध्येच एखाद्या पदार्थावर जीव जातो असं होतंय का अलीकडे? तू म्हणशील, थोरलीला आजच माझी काळजी कुठून आली. काळजी नाही. विचारलंय तेवढं सांग.

फोन केला असता. पण तुझा फोन तुझ्या सुनेच्या हातात, आणि ती स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापते, म्हणजे आपलं बोलणं अर्ध्या पेठ तालुक्याला कळतं. शिवाय इथे मला फोन तृप्तीच लावून देते आणि संपेपर्यंत शेजारी उभी राहते. तिच्या देखत हे बोलायचं नाही. का नाही ते पुढे कळेल. म्हणून तुमच्या गावचा बहिरू, जो इथे खाली गेटवर वॉचमन आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तो उद्या सुट्टीवर येतोय. तू चौथी पास, मी तिसरी, तेव्हा अक्षर लागलं नाही असं सांगू नको. मास्तरांनी शिकवलं तसंच लिहिते, बोलते तसं फार लिहीत नाही.

आता इथलं सांगते. आषाढात न्हाणीघरात पडले, खुबा मोडला, आणि संतोषने मला या सेंटरात आणून ठेवलं. तो आणि सूनबाई दोघं सकाळी आठला घराबाहेर पडतात, मला उठवणार कोण. मी त्याला बोल लावला नाही. लावला असता तर तो रडला असता, आणि रडणारा पुरुष मला बघवत नाही, नाक फार गळतं त्यांचं. दुसऱ्या मजल्यावर बायकांचा हॉल, आठ खाटा. समोर पुरुषांचा, सहा खाटा. मधल्या बोळात एक मोठी खिडकी, तिला दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर लक्ष ठेव, पुढे तो कामाचा आहे. कारभार महेश नावाचा माणूस बघतो. आपल्याला सर्वांनी सर म्हणावं असं त्याला वाटतं. मी महेश म्हणते. जेवायला आठवड्यातून चार दिवस दुधी. दुधी पचायला हलका, दुधी बिनसाखरेचा, दुधीला चावावं लागत नाही, असं महेशचं म्हणणं. (तुला हे वाचूनच मळमळलं असेल. तुझ्या सासूने पहिल्याच पंगतीत दुधी वाढला तेव्हा तू भरलं ताट उचलून गायीपुढे ठेवलंस, आणि बारा गावचे पाहुणे बघत राहिले. गायीनेही खाल्ला नव्हता.)

दिवसपाळीची नर्स म्हणजे ही तृप्ती. आडगावकडची, मळ्यातली पोर. घरचा भाजीपाला, स्कूटीवर येते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "आजी, गुड मॉर्निंग." मी म्हटलं, "मॉर्निंग कशी आहे ते मी ठरवीन, तू आधी पॉट आण." हसली आणि आणला. तेव्हापासून आमचं बरं चाललंय. तिचा हात चांगला आहे, हे मी तुलाच लिहिते, तिला सांगितलेलं नाही. थापलेली भाकरी तव्यावर टाकावी तशी माणसाला कुशीवर करते, मोडू देत नाही. आमच्या हॉलमध्ये कोणाच्याही पाठीला जखम नाही. एकच खोड आहे, सगळ्यांना बहिरं समजून ओरडून बोलते. "आजी, हात वर. आजी, तोंड उघडा. आजी, गिळलं का?" माझे कान शाबूत आहेत हे मी चारदा सांगितलं. म्हणते, सवय झालीय. म्हणजे तृप्तीचा आवाज मोठा, एवढं ध्यानात ठेव.

आता मुख्य गोष्ट. लहानपणी भर दुपारी आपल्याला वडाखाली जाऊ देत नसत, आठवतं ना. इथे वड नाही, गाड्या लावायची जागा आहे. पण दुपार तीच आहे. साडेबाराला गोळ्या होतात, ताटं उचलली जातात, सगळे आडवे होतात, आणि पंखा जवळ असून लांब कुठेतरी फिरतोय असा वाजायला लागतो. अश्विनातली गोष्ट. माझ्या शेजारच्या खाटेवर सावित्रीबाई होती, बागलाणातली, अहिराणी बोलायची. तृप्ती तिची वेणी घालत होती. मी डोळे मिटून पडले होते. (झोपले नव्हते. डोळे मिटणं हा माझा खासगी मामला आहे.) आणि मला ऐकू आलं, "सावे, काय खावंसं वाटतंय तुला?" धोंडे, हळू आवाज होता. आपल्या घरातलं, चुलीपाशी बसलेलं माणूस मागे वळून न बघता विचारतं, तसा. मी डोळा किलकिला केला तर खोलीत तृप्तीशिवाय कोणी उभं नव्हतं. जी पोर सगळ्यांना अहो-जाहो करते, ती सावित्रीबाईला तू म्हणाली होती, आणि सावे म्हणाली होती. संध्याकाळी सावित्रीने मला सांगितलं, सावे ही हाक तिच्या आईची. आई गेल्याला साठ वर्षं झाली, त्यानंतर कोणी त्या नावाने हाक मारली नाही, नवराही अगं म्हणायचा. फाईलमध्ये ते असायचं काही कारण नाही.

सावित्रीने मांडे मागितले, खापरावरचे. तिसऱ्या दिवशी तृप्ती मांडे घेऊन आली, कुठून करून आणले देव जाणे. स्टीलचा तीन पुडाचा डबा, मधल्या पुडाला पोचा. सावित्रीने दुधात बुडवून दोन मांडे खाल्ले, बोटं चाटली, म्हणाली, "आते पोट भरनं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चारला चहा आला तेव्हा उठली नाही. तृप्तीने डबा स्वतः घासला, मावशींना घासू दिला नाही, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घालून ठेवला. मी मनात म्हटलं, शहाऐंशी वर्षांची बाई, मांडे खाऊन गेली, भाग्याची आहे. उगाच काही डोक्यात घेतलं नाही. पण पुढच्या महिन्यात आणखी दोघी गेल्या. एकीने पिठलं मागितलं होतं, दुसरीने बर्फाचा लाल गोळा. दोन्ही वेळा तृप्तीने आणलं, दोन्ही वेळा दुपारच्या चहाला एक कप उरला. आणि दोन्ही वेळा मी पाहिलं की आदल्या सकाळपासून कट्ट्यावरचा डबा उताणा होता. मग आम्हाला खूण कळली. डबा उपडा असला की निवांत राहायचं. उताणा झाला, म्हणजे कोणीतरी उत्तर दिलंय आणि त्यात काहीतरी भरलं जाणार आहे.

आज सकाळपासून डबा उताणा आहे. पण ते पुढे.

सुभेदारांचं ऐक. सोमनाथ सुभेदार, देवळाली कॅम्पचे, तोफखान्यातले. तोफांनी दोन्ही कान पार नेलेले. त्यांच्या कानात बोंब मारली तरी ते "जय हिंद" म्हणायचे, काही विचारलं असो वा नसो. कार्तिकात एका दुपारी तृप्ती त्यांची दाढी करत होती. थोड्या वेळाने सुभेदार काठी टेकत बायकांच्या हॉलच्या दारात आले, अर्ध्या गालाला साबण तसाच. मला म्हणाले, "कुसाबाई, मला ऐकू आलं." मी हातानेच विचारलं, काय. म्हणाले, "सोम्या म्हणाली. काय खावंसं वाटतंय विचारलं. माझी आजी म्हणायची सोम्या." दाराची चौकट धरून उभे राहिले आणि मग एकदम ताठ झाले. म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. मी हापूसचा रस मागितलाय. आंबा येणार चैत्रानंतर. तोवर मोर्चा धरून ठेवतो." सगळ्या हॉलने त्यांचं कौतुक केलं. फौजी डोकं ते. पुरुषांच्या हॉलमध्ये दोघांनी लगेच ठरवलं की आपल्यावर वेळ आली तर एकाने जांभळं मागायची आणि एकाने करवंदं. आठव्या दिवशी तृप्ती आली ती डब्यात बंद असतो ना बाजारचा, तो आमरस घेऊन. वेलची घातली होती, गार केला होता. सुभेदारांनी दोन वाट्या खाल्ल्या, म्हणाले, "साखर कमी आहे," आणि चहाच्या आत मोर्चा सुटला.

त्यानंतर इथे काय माजलं ते विचारू नको. साडेबारा वाजले की सगळा मजला एकदम झोपतो. घोरतात सुद्धा, जे कधी घोरत नव्हते ते. एकजण रोज त्याच वेळी संडासात जाऊन कडी लावून बसतो, महेशला वाटतं पोट बिघडलंय, म्हणून त्याला पुन्हा दुधी. खाण्याचं नाव कोणी काढत नाही. टीव्हीवर कोणी फोडणी घालायला लागलं की चॅनेल बदलायला रिमोटवर चार हात पडतात. देवदिवाळीला कोणाच्या तरी सुनेने चकल्या आणल्या, तर आम्ही सगळ्या म्हाताऱ्या त्या डब्याकडे पाठ करून बसलो. ती सून बिचारी रडवेली झाली.

फक्त एक भागीबाई टिकून आहे. ती मखमलाबादकडची, उभा जन्म शेवंती पिकवली आणि बाजारात बसून विकली. तिलाही विचारणं झालं. माझ्या समोर झालं, आज त्याला एकोणीस दिवस झाले. तृप्ती तिच्या पायाला तेल चोळत होती. पंखा लांब गेला. आणि तो हळू आवाज आला, "भागे, काय खावंसं वाटतंय तुला?"

भागीबाई न दचकता म्हणाली, "तू काय देशील ते आधी सांग."

आवाजाने पुन्हा विचारलं, "तुला काय पायजे?"

"मला काय बी नको. जा, पुढच्या दुकानात बघ."

मला नंतर म्हणाली, "कुसाबाई, पयला भाव आपण सांगायचाच नाय. सांगितला की मेलो." तिला रोज दुपारी विचारणं होतं, रोज ती काही नको म्हणते. डबा तिच्यासाठी उताणा झालाच नाही. पण हाल बघवत नाहीत. सुक्या बोंबलावर तिचा जीव आहे. झोपेत ओठ हलतात, मी कान लावून बघते, बोंबील म्हणत असते. जागी झाली की पहिलं विचारते, "मी कायी बोलले का?" दुधी आणि मुगाच्या पाण्यावर बाई काटकुळी झाली, पण आहे. महेशने आहाराची बाई बोलावली, ती भागीबाईला म्हणाली, "आजी, तुम्हाला काय खायला आवडतं?" भागीबाईने तिला तांब्या फेकून मारला.

मग मी ठरवलं की पोरीलाच विचारायचं. मागच्या आठवड्यात ती माझी नखं कापत होती, तेव्हा तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, "तृप्ती, तू विचारतेस की तुझ्याकडून कोणी विचारवून घेतं?" तिने नेलकटर खाली ठेवलं. मला वाटलं रडते आता. रडली नाही, म्हणूनच मला ती आवडते. म्हणाली, "आजी, तुम्ही सगळे म्हणता मी विचारते. मला विचारल्याचं आठवत नाही. दुपारी हातात कोणाची वेणी असते, कोणाचा पाय असतो, आणि मग थोडा वेळ मी नसते. परत येते तेव्हा ते माणूस मला पदार्थ सांगत असतं. करून आणला नाही तर अंगाची आग होते."

"नसतेस तेव्हा असतेस कुठे?"

"माहीत नाही. पण येते तेव्हा हाताला पिठाचा वास येतो."

मी तिचे हात नाकापाशी नेले. साबणाचा वास होता, औषधाचा होता, आणि खाली खरंच पिठाचा होता. नागलीच्या, धोंडे. नाशकात आडगावच्या मळ्यात नागली कोण दळतं.

घरचंही तिने सांगितलं. तिची सासू धडधाकट होती. एका रविवारी तृप्ती तिच्या पाठीला बाम चोळत होती आणि तिच्या नवऱ्याने दारातून ऐकलं, कोणीतरी त्याच्या आईला माहेरच्या नावाने हाक मारून विचारतंय. सासू थालीपीठ म्हणाली. चौथ्या दिवशी गेली. तेव्हापासून नवऱ्याने फ्रीजवर कागद चिकटवलाय, सोमवारी मटकी, मंगळवारी मेथी, असा सगळा आठवडा लिहिलेला, म्हणजे घरात कोणी कोणाला काय करू असं विचारायचंच नाही. दोन वर्षं झाली, सोमवारी मटकी. मी तिला म्हटलं, "मला विचारशील तेव्हा निदान हात धुऊन विचार." ती हसली आणि राहिलेली नखं कापली.

याच सुमारास सुभेदारांचं सामान न्यायला आलेल्या त्यांच्या मुलीला खाटेखाली आमरसाचा रिकामा डबा सापडला. सुभेदारांना साखरेचा आजार. मोठी बोंब झाली. महेश माझ्याकडे कागद घेऊन आला, म्हणाला, "आजी, तुमचं अक्षर चांगलं आहे. नर्स बाहेरचं खायला घालते अशी सगळ्यांच्या वतीने तक्रार लिहा, खाली अंगठे घेतो, तिला उद्याच काढतो." हॉलमध्ये सगळ्यांचे कान माझ्याकडे. अर्धे अंगठे तर आधीच वर झाले होते. एका कागदात सुटका होती, खोटं कशाला सांगू, माझाही हात पेनकडे गेला. पण त्याच आठवड्यात समोरच्या खाटेवरची रंगूबाई मोठ्या दवाखान्यात नेल्यावर गेली होती. तिला तृप्तीने विचारलं नव्हतं, तिला नेलं त्या दिवशी तृप्तीची रजा होती. रंगूबाईच्या नाकात नळी, हाताला बांधलेलं, ओठ कोरडे, आणि नऊ दिवसांत तिला पाणी पिणार का एवढं सुद्धा कोणी विचारलं नाही, असं तिची मुलगीच सांगत होती. म्हणजे तृप्ती काढली तरी माणसं जायची थांबणार नाहीत, फक्त विचारणारं कोणी राहणार नाही. शिवाय भागीबाईला कुशीवर कोण करणार? महेश करणार का? मी कागद घेतला आणि लिहिलं, "या सेंटरात आठवड्यातून चार दिवस दुधी असतो. आम्हा सर्वांची त्यास हरकत आहे." खाली अकरा अंगठे घेतले. महेशने वाचलं आणि म्हणाला, "हे काय आजी?" मी म्हटलं, "तक्रार." फाईलला लावली असेल. दुधी आता तीन दिवस आहे.

तर असं चाललंय. तृप्ती आहे, भागीबाई आहे, मी आहे. तुझ्या घरच्या सगळ्यांना विचारलं म्हणून सांग, सुनेला सांगितलं नाहीस तरी चालेल. पत्र वाचून झालं की घडी करून देव्हाऱ्यात ठेवू नको, तिथे सून झाडते. चोळीत ठेव.

तुझी थोरली,
कुसा

ता. क. बहिरू परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर थोडी खुरासणीची चटणी पाठव. लसूण जास्त.

ता. क. दुसरा. आईच्या पाट्यावरून आपलं बोलणं तुटलं. तो मी नेला, मान्य. तुझाच होता की माझा हे आईने सांगितलं नव्हतं, पण वाटायला तू जास्त बसायचीस. संतोषचं कपडे धुवायचं मशीन नाचतं म्हणून त्याने तो पाटा त्याखाली घातलाय. मी सूनबाईला निरोप दिलाय, तू आलीस की काढून द्यायचा. घेऊन जा. आता आपल्याला भांडायला काही उरणार नाही, हे मला पसंत नाही, पण घे.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठी लिहिलंय. चटणीचं विसर.

काल मंगळवारी, पाऊण वाजता, तृप्ती माझ्या डोक्याला तेल लावत होती. पंखा लांब गेला. तिचा हात केसांत थांबला. मी तयारच होते, दोन महिने उत्तर घोकून ठेवलं होतं, काही नको, काही नको. हळू आवाज आला, "कुसे." मी म्हटलं, "काही नको." आवाज म्हणाला, "तुझं नाही विचारत. आपल्या भिंगरीला काय खावंसं वाटत असेल गं?"

धोंडे, हे नाव मी इथे कधी काढलेलं नाही. इथे मी तुला धोंडी म्हणते, फार झालं तर भांडखोर म्हणते. अंगणात चक्कर येऊन पडेपर्यंत फिरायचीस म्हणून तुला भिंगरी कोण म्हणायचं, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि तिसरी जाऊन बेचाळीस वर्षं झाली.

मला खरं उत्तर माहीत होतं. उडदाचं घुटं आणि नागलीची भाकरी. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "दुधी. दुधीची भाजी. तिला लय आवडते."

पाठीमागून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. मी गूळ खाऊन तोंड पुसायचे आणि खाल्ला नाही म्हणायचे, तेव्हा आई बघायची तसं. मी मान वळवली नाही. मग तेल पुन्हा चोळलं गेलं आणि तृप्ती ओरडली, "आजी, मान सरळ." आज सकाळी बोळात आले तर डबा उताणा. भागीबाई म्हणते, "मी नाय बोलले." तृप्ती मला म्हणाली, "आजी, आमच्या मांडवावर दुधी लागलाय, शुक्रवारी करून आणते. तुमच्या बहिणीला बोलवून घ्या ना, का कोण जाणे, त्यांना खाऊ घालावंसं वाटतंय."

म्हणून शुक्रवारी पहिल्या गाडीने बहिरूबरोबर निघ, तिकडे एकटी राहिलीस तर कोणाला तरी खरं उत्तर बोलून जाशील. इकडे आलीस की ती तुझ्यापुढे दुधी ठेवेल. तू सासूच्या पंगतीत केलंस तेच करायचं. ताट सरकवायचं आणि काही नको म्हणायचं. पाहुणीचा भिडस्तपणा करून एक घास, रस्सा बोट लावून, काही नाही. सावित्रीची खाट रिकामी आहे, तू तिथे राहा, मधे भागीबाईला बसवू, ती भाव करायला पक्की आहे. घरी घुटं करू नको. केलंच असेल तर बहिरूला खायला घाल, त्याचं कोणी काही विचारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र रात्रभर डोक्यात आहे. दुधीचं तुझं सगळ्या गावाला माहीत होतं, तर आईला नसेल का? तिने खोटं ऐकलं, आणि ऐकून घेतलं. म्हणजे तिलाही तुझी घाई नाही, असं मी धरते.

ता. क. शेवटचा. वर प्रकृती कळव असं लिहिलंय ते खोड. लिहीत बसू नको, येऊन सांग. आणि गाडीत भूक लागली तरी कोणाला बोलू नको.